न पडता मिळालेलं मिनिट

बॉक्सिंगवर लिहिणारे ठोशांवर लिहितात, रक्तावर लिहितात, कमरेच्या सोनेरी पट्ट्यावर आणि त्यामागच्या पैशावर तर लिहितातच. स्टुलावर कुणी लिहीत नाही. घंटा होते, कोपऱ्यातला माणूस दोरांमधून एक लहानसं स्टूल आत सरकवतो, दमलेला गडी त्यावर टेकतो, आणि मिनिट सरत आलं की ते पुन्हा ओढून घेतलं जातं. पाठीला आधार नाही, ऐसपैस बसावं इतकी रुंदीही नाही. तरी या सगळ्या खेळात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या स्टुलाबद्दल. ‘तुमच्या वयाला शोभतं ते,’ असं घरचे म्हणतात. म्हणोत बापडे. ते स्टूल तिथे यायला माणसांना शंभराहून अधिक वर्षं जमिनीवर पडावं लागलं आहे.

१७४३ साली लंडनच्या जॅक ब्रॉटनने मुष्टियुद्धाचे पहिले लेखी नियम केले. त्यांत फेरी होती, पण घड्याळ फेरीसाठी नव्हतं. दोघांपैकी एक जमिनीवर गेला की फेरी संपली. मग अर्धं मिनिट. तेवढ्यात त्याला उठवून रिंगणाच्या मध्यावर खडूने आखलेल्या चौकोनापाशी आणून उभं करायचं. नाही आला तर हरला. म्हणजे फेरी चार सेकंदांचीही होई आणि अर्ध्या तासाचीही. त्या अर्ध्या मिनिटात बसायला स्टूल नसे, सहायक गुडघा पुढे करून बसे आणि त्याच्या मांडीवर गडी टेके. पण मांडी मिळायची तर आधी जमीन गाठायला हवी. दम लागलाय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, चार श्वास घ्यायचेत, तरी उभं असेपर्यंत सुटका नाही.

माणसं शहाणी होतात, आणि ती बहुधा नियमाच्या फटीतून होतात. समोरच्याच्या हाताचा वारा लागला तरी गडी कोसळू लागले. मग १८३८ च्या लंडन प्राइझ रिंगच्या नियमांत एक कलम आलं: ठोसा न लागता जो मुद्दाम खाली पडेल तो हरला असं धरावं. सोसायटीच्या फलकावर ‘गच्चीत पापड वाळत घालू नयेत’ असं लिहिलेलं दिसलं की गच्चीत काय चाललंय ते कळतं. तसं हे कलम. त्याआधी, १८२५ साली इंग्लंडातल्या चेशरमध्ये जॅक जोन्स आणि पॅट्सी टनी यांच्यात २७६ फेऱ्या झाल्याची नोंद आहे. वेळ साडेचार तास. दर फेरीमागे अर्धं मिनिट धरून हिशेब केला, तर त्यातला निम्मा वेळ हे दोघे उठण्यात आणि तोंड पुसण्यात होते. खरोखर किती पडणं ठोशाने झालं आणि किती सोयीने, हे ज्याचं त्याला माहीत.

मग १८६७ साल आलं. जॉन ग्रॅहम चेंबर्स नावाच्या एका खेळाडूने बारा नियम लिहिले आणि क्वीन्सबेरीच्या उमरावाने त्यांना आपलं नाव दिलं. खपलेला एक आणि नाव झालेला दुसरा, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही. या नियमांतले हातमोजे जगाच्या लक्षात राहिले. मला त्यातला तिसरा नियम मोठा वाटतो: फेरी तीन मिनिटांची आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट. बस्स, एवढंच. पण त्या एका ओळीने न पडणाऱ्या माणसालाही बसायचा हक्क दिला. तुम्ही जिंकत असा, हरत असा, नुसते एकमेकांभोवती फिरत असा. तीन मिनिटं झाली, बसा. कण्हण्याची अट नाही, रक्त दाखवण्याची नाही.

फेऱ्या किती, हे मात्र त्या नियमांत ठरलेलं नव्हतं. त्यामुळे ६ एप्रिल १८९३ ला न्यू ऑर्लिन्समध्ये अँडी बोवेन आणि जॅक बर्क हे दोघे समोरासमोर आले आणि थांबलेच नाहीत. ११० फेऱ्या झाल्या. वेळ लागला ७ तास १९ मिनिटं. मला असे आकडे कागदावर ताडून पाहायची खोड आहे. ११० फेऱ्यांची ३३० मिनिटं आणि मधल्या विश्रांतीची १०९, बेरीज ४३९. म्हणजे बरोब्बर ७ तास १९ मिनिटं. एका मिनिटाचा घोळ नाही. बर्कचे दोन्ही हात मोडले, प्रेक्षक पेंगले, काही घरी गेले, शेवटी निकाल न लावताच लढत थांबवली. पण त्या रात्री घंटेपाशी बसलेल्या माणसाने ना लढणाऱ्यांचं मिनिट खाल्लं, ना त्यांना फुकटचं दिलं. बोवेन आणि बर्क इतिहासात गेले. माझ्या हातात असतं तर मी त्या वेळ पाहणाऱ्याला पाठवलं असतं.

मी जातो त्या जिममध्ये ही घंटा भिंतीवरच्या एका काळ्या डब्यात राहते. हिरवा दिवा लागला की काम, पिवळा लागला की दहा सेकंद उरली, लाल लागला की थांबा. सकाळच्या बॅचला आयटीतली काही मुलं असतात, दोन कॉलेजातल्या मुली, एक दंतवैद्य (जबड्यावरच्या ठोशांकडे ते फार बारकाईने बघतात) आणि मी. शिकवणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा आहे. मी त्याला सर म्हणतो, तो मला काका म्हणतो, आणि या व्यवस्थेत आम्हा दोघांनाही काही चमत्कारिक वाटत नाही.

क्रम ठरलेला. आधी दोरीच्या उड्या, मग आरशासमोर शॅडो, मग बॅग, मग सरांच्या हातातले पॅड. तयारीच्या मुलांचं स्पारिंग त्यानंतर. सगळं तीन मिनिटांच्या मापाने. पहिल्या मिनिटात मी बॉक्सर असतो. दुसऱ्यात हातवारे करणारा एक गृहस्थ असतो. तिसऱ्यात डावा खांदा आपल्याशी बोलायचं बंद करतो, गार्ड हनुवटीवरून छातीवर आणि छातीवरून पोटावर येतो, आणि डब्याकडे पाहावं तर अजून पन्नास सेकंद! मग पिवळा दिवा लागतो, टकटक होते, आणि मघाशी मेलेले सगळे हात एकदम उठून बसतात. बॅगा धडाधड वाजतात. दंतवैद्य तर ओरडतात. “ही ताकद इतका वेळ कुठे होती?” असं सर दर वेळी विचारतात आणि दर वेळी सगळे जमिनीकडे बघतात. ताकद तिथेच होती. शेवट दिसत नव्हता, म्हणून ती कुणी बाहेर काढत नव्हतं.

त्या डब्याची एक गंमत सांगायची राहिली. जिमच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. जिम सुरू झालं तेव्हा त्यांनी या घंटेविरुद्ध सोसायटीत रीतसर अर्ज दिला होता. अर्जाचं पुढे सोसायटीत अर्जांचं होतं तेच झालं. मग आजोबांनी आपला प्राणायाम घंटेवर लावला. तीन मिनिटं भस्त्रिका, एक मिनिट स्वस्थ. एकदा सकाळी वीज गेली, डबा बंद पडला, आणि थोड्या वेळाने आजोबाच खाली दारात उभे. “अहो, आज वाजली नाही?” भस्त्रिका कुठे थांबवायची ते त्यांना कळेना, चेहरा लालबुंद झाला होता. सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि सवयीने म्हणाले, “सरळ बसा, नाकाने श्वास.” आजोबांनी त्यांच्याकडे जे पाहिलं ते पाहण्यासारखं होतं.

खरा अभ्यास करावा तो लाल दिव्याच्या मिनिटाचा. तीन मिनिटांत सगळे सारखेच दिसतात, मिनिटभरात माणूस कळतो. एक मुलगा घंटा होताच हाताची पट्टी सोडून पुन्हा बांधायला घेतो, आणि ती नेमकी पुढची घंटा होऊन गेल्यावर पुरी होते. एक जण मोबाइलकडे धावतो आणि त्यात काही आलेलं नसलं तरी दमून परत येतो. कॉलेजातल्या मुलींपैकी एक थांबतच नाही. लाल दिव्यातही जागच्या जागी उड्या मारत राहते, कारण थांबलो तर लोक काय म्हणतील. दंतवैद्य या मिनिटात रूट कॅनालच्या कथा सांगतात. आणि मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो. “काका, वर. उभे राहा. चाला. पाणी घोटभरच,” असं सर म्हणतात. ठोसे मारायला आठवड्यात शिकवलेत त्यांनी आम्हाला. थांबायला शिकवण्याचं काम अजून चालू आहे.

तसं शरीराच्या बाजूने पाहिलं तर हे मिनिट पुरत नाही, आणि ते पुरू नये अशीच या खेळाची रचना आहे. एकदम जोराच्या ठोशाला लागणारी शक्ती स्नायूंमध्ये फॉस्फोक्रिएटिनच्या रूपात शिलकीला असते. सगळा जोर लावला तर ती दहाएक सेकंदांत संपत येते. अर्ध्या मिनिटाच्या विसाव्यात तिच्यातली साधारण निम्मी भरून येते. बाकीची भरायला काही मिनिटं लागतात. म्हणजे दुसऱ्या फेरीला माणूस जरा उणाच उभा राहतो, तिसऱ्या फेरीला आणखी उणा. लढत अशी हळूहळू ताज्या माणसाकडून शिळ्या माणसाकडे सरकते. म्हणून स्पर्धेच्या आधी सर तयारीच्या मुलांचं मिनिट कापून तीस सेकंदांवर आणतात. पुढे रिंगणात अख्खं मिनिट मिळालं की त्यांना ते सुट्टीसारखं वाटतं.

जपानच्या इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याहूनही कंजूष मोजमाप आहे: वीस सेकंद जीव तोडून सायकल आणि दहा सेकंद विसावा, असं सात-आठ वेळा. सगळं मिळून चार मिनिटं. सरांनी एकदा बॅगेवर आमच्याकडून तसं करून घेतलं. दहा सेकंदांत माणसाला फक्त एवढंच कळतं की आपण थांबलो होतो. दंतवैद्य दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

डब्याच्या आधी लोक काय करत होते? थायलंडात मुठींना दोरी गुंडाळून लढत तेव्हा भोक पाडलेली नारळाची करवंटी पाण्यावर सोडत. भोकातून पाणी आत येई, करवंटी भरून बुडाली की फेरी संपली. हे वाचलं तेव्हा मी हरखलो, कारण हे तर आपलं घटिकापात्र! तांब्याचं, बुडाला बारीक भोक असलेलं, भरायला चोवीस मिनिटं लागणारं. पूर्वी लग्नाचा मुहूर्त त्यावर साधत. आता गुरुजी मोबाइल बघतात आणि मुहूर्त तरीही टळतो, तो भाग वेगळा. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा आहे ना, तिच्या दागिन्यातला मोती घटिकापात्रात पडला, भोक बुजलं, पाणी आत आलंच नाही आणि लग्नघटका निघून गेली? तो मोती थाई करवंटीत पडला असता तर काय झालं असतं, हा विचार मला मधूनमधून छळतो. दोन माणसं एकमेकांना बदडतायत, सगळं गाव करवंटीकडे बघतंय, आणि करवंटी निवांत तरंगतेय. आजच्या मुआय थायमध्ये तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या आणि मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती असते. हा उदारपणा करवंटीच्या आठवणीने आला असावा, असं मला उगाच वाटतं.

आपल्या हुतूतूने तर बाहेरचं यंत्रच ठेवलं नाही. चढाई करणाऱ्याचा दम हेच घड्याळ. श्वास सुटला की वेळ संपली. आता कबड्डीत चढाईला तीस सेकंद असतात आणि पडद्यावर आकडे उलटे धावतात. प्रेक्षकांना ते बरं, यात शंका नाही. पण लांब दमाच्या माणसाचा हक्क त्यात गेला.

आणि तालीम? तिथे घड्याळ असलंच तर ते वस्तादांच्या मनात. जोर मोजायचे, बैठका मोजायच्या, मातीत लढतीला उतरायचं, आणि वस्ताद ‘बास’ म्हणतील तेव्हा बास. मैदानातली जुनी कुस्तीही निकाली: कोणाची तरी पाठ मातीला लागेपर्यंत. हे ऐकायला मर्दानी वाटतं. पण बिनघड्याळाच्या कुस्तीचं काय होतं याचे पुरावे चांगले नाहीत. १९१० साली लंडनमध्ये गामाविरुद्ध पोलंडचा झ्बिस्को उतरला, आणि चटईला जे चिकटला ते अडीच तासांहून अधिक काळ सुटलाच नाही. निकाल बरोबरी. (१९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भेटले तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत लोळवलं. मधली अठरा वर्षं तो हीच फेरी मनात खेळत असणार.) १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड असिकाइनेन यांची ग्रीको-रोमन कुस्ती ११ तास ४० मिनिटं चालली. क्लाइन जिंकला, पण इतका दमला होता की सुवर्णपदकाच्या लढतीला उतरलाच नाही. सुवर्ण गेलं तिसऱ्याच माणसाला, ज्याने त्या दिवशी बहुधा नीट जेवण केलं होतं. आज फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये तीस सेकंद. क्लाइनचं भूत हे बघून रडत असेल किंवा हसत असेल.

विश्रांती नियमात लिहिलेली असणं आणि ती प्रत्यक्ष मिळणं, यातही अंतर असतं. खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्याकडे अनेकदा सांगितली जाते, पण ती सांगताना आपण पदकाकडे बघतो. १९५२, हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान बँटमवेट गटात जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ लढत देऊन हरतो, आणि त्याला लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हविरुद्ध बोलावलं जातं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती हवी, असा नियम होता. पण तो पुढे करायला भारतीय पथकातला कुणी अधिकारी तिथे नव्हता, असं सांगतात. दमलेले खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य; स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण कांस्याचा अभिमान बाळगतो आणि बाळगावाच. मला मात्र तो अर्धा तास डोळ्यांसमोर येतो. नियमाच्या पुस्तकात तो होता. कुणीतरी उभं राहून म्हणायला हवं होतं, ‘थांबा, याचा अर्धा तास बाकी आहे.’ स्वतःची विश्रांती स्वतः मागणारा पैलवान कुणाला रुचतो? ती दुसऱ्याने मागावी लागते.

पण या मिनिटाला अगदीच देवपण देऊ नये. स्टुलावर बसवणारा माणूस तुम्हाला पाणी पाजतो, घाम पुसतो, फुटलेल्या भुवईला व्हॅसलीन लावतो, ते तुम्ही पुन्हा आत जावं म्हणून. १३ नोव्हेंबर १९८२ ला लास वेगासमध्ये रे मॅन्सिनी आणि कोरियाचा किम दुक-कू यांची जागतिक विजेतेपदाची लढत झाली. पंधरा फेऱ्यांची. किम तेरा वेळा स्टुलावर बसला आणि तेरा वेळा उठला. चौदाव्या फेरीत तो कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने विजेतेपदाच्या लढती बारा फेऱ्यांवर आणल्या, पुढे इतर संघटनांनीही. पंधरा फेऱ्या म्हणजे विश्रांती धरून ५९ मिनिटं. बारा म्हणजे ४७. या बारा मिनिटांचा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा मला काही मौज वाटली नाही. चांगला कोच तो, ज्याला स्टूल आत कधी सरकवायचं हे कळतं आणि टॉवेल कधी टाकायचा हेही. आमचे सर स्पारिंगच्या वेळी डब्याकडे बघत नाहीत. ते मुलांच्या पायांकडे बघतात.

बायकांच्या बॉक्सिंगचा इतिहास या हिशेबात आणखीच मासलेवाईक आहे. ऑलिंपिकमध्ये त्यांना प्रवेश मिळाला २०१२ साली, लंडनमध्ये, जिथे मेरी कोमने कांस्य घेतलं. पुरुषांना तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि बायकांना दोन मिनिटांच्या चार. बायकांना तीन मिनिटं झेपतील का, अशी कुणाला तरी काळजी होती. टोकियोपासून दोघांनाही तीन-तीन. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र बायकांची फेरी अजून बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांचीच असते. २०२३ मध्ये अमांडा सेरानो आणि डॅनिला रामोस हट्टाने तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या लढल्या तेव्हा त्याची बातमी झाली. ही काळजी वाहणाऱ्या सद्गृहस्थांनी आपल्या घरचं स्वयंपाकघर गणपतीत किंवा दिवाळीच्या आधी पाहिलेलं नसणार.

आमच्या घरात तर ब्रॉटनचे नियम चालत. उभ्या माणसाला विश्रांती नव्हती. आई दुपारी दोन घटका आडवी झाली तर आजी विचारायची, “बरं नाही का?” बरं नसणं हे एकच कारण चालण्यासारखं होतं. ताप भरला, कंबर धरली, डॉक्टरांनी तोंडाने सांगितलं, की मग मांडी पुढे करायला सगळं घर धावे: कुणी पेज आणी, कुणी पाय चेपी. दोन दिवसांनी आई उठून चौकोनापाशी हजर. बाबांचंही तेच. कचेरीतली हक्काची रजा ते साठवून ठेवत आणि दुखण्यासाठी वापरत. १८३८ च्या त्या इंग्रजी कलमाची आमच्याकडे गरज पडली नाही, कारण मुद्दाम पडायचं धाडस दोघांतही नव्हतं.

मावशीही त्याच घराण्यातली. आता थकलीय, पण दिवाळीच्या चकल्या तिच्याच हातच्या. गेल्या खेपेला आम्ही सगळे तिच्याकडे जमलो होतो. तिचा नातू माझ्यामुळे जिमला यायला लागला आहे आणि नव्या बाटग्यासारखा कडक आहे. त्याने स्वयंपाकघरातल्या फळीवर मोबाइल उभा केला, टायमर लावला आणि जाहीर केलं, “आजी, तीन मिनिटं तळायचं, एक मिनिट बसायचं. वाद नाही.”

मावशीने सोऱ्या दाबत विचारलं, “हे कुणी काढलं खूळ?”

“इंग्लंडच्या एका उमरावाने,” मी म्हणालो. चेंबर्सचं नाव मीही ऐन वेळी घेतलं नाही.

घंटा झाली. मोबाइलचा पडदा लाल झाला. मावशीने मानही वळवली नाही. “आजी, लाल. बस आता.”

“कढईत सहा आहेत,” मावशी म्हणाली. “त्यांची फेरी संपू दे.”

नातू दोन सेकंद गोंधळला. सरांनी हे शिकवलेलं नव्हतं. मग त्याने सरळ तिच्या हातातला झारा काढून घेतला आणि कढईपुढे उभा राहिला, पाय बॉक्सिंगच्या पवित्र्यात, डावा पुढे. मावशी खुर्चीवर टेकली. टेकली म्हणजे खुर्चीच्या कडेवर, उठायच्या तयारीत. आणि बसल्या जागेवरून तिने त्या अख्ख्या मिनिटात त्याला जे काही सुनावलं, ते आमच्या सरांनाही जमलं नसतं. “आच कमी कर. अरे, डावीकडची. उलट, उलट ती. हलवू नकोस इतकं, मोडेल. बुडबुडे बघ, बुडबुडे कमी झाले की काढ. आता. आता म्हटलं ना!”

घंटा पुन्हा झाली तेव्हा तिला दम लागला होता. सहा चकल्यांपैकी दोन काळ्या झाल्या. त्या नातवाने उभ्याउभ्याच खाल्ल्या आणि चांगल्या झाल्यायत म्हणून सांगितलं. “ये इकडे, झारा दे,” मावशी उठत म्हणाली. मग फळीवरच्या मोबाइलकडे बोट दाखवून तिने विचारलं, “आणि ते पुन्हा कधी वाजणार आहे?”